औषधाचा भाव आणि न्यायालयाची तारीख

(मुलुंड येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



लालबहादूर शास्त्री मार्गाला मुलुंड-भांडुपमधील जुनी मंडळी आजही आग्रा रोड म्हणतात. आज या रस्त्यावर उंच इमारती आणि मॉल दिसतात. परंतु एके काळी घाटकोपरपासून मुलुंडच्या जकात नाक्यापर्यंत येथे कारखान्यांची रांग होती. पाळी सुटली की माणसांचा लोंढा रस्त्यावर येई. त्या रांगेत औषधांचे कारखानेही होते. विक्रोळीला सिप्ला होती, मुलुंडला हेक्स्ट ही जर्मन कंपनी होती. हेक्स्टच्या मुलुंड येथील संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात आपल्याकडील कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले गेले. हे काम भारतीय शास्त्रज्ञांनी, याच उपनगरात बसून केले. औषधनिर्मितीच्या इतिहासात मुलुंडचे नाव अभिमानाने घ्यावे असे हे एक कारण.

दुसरे कारण मात्र तितकेसे अभिमानास्पद नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १० एप्रिल १९८७ च्या एका निकालपत्रात ते नोंदलेले आहे.

पोटात कळ आली की त्या काळी डॉक्टर बारालगन ही गोळी लिहून देत. हेक्स्टचे हे नावाजलेले औषध. त्यातील एका घटकद्रव्याला ‘बारालगन कीटोन’ असे नाव होते. या कच्च्या औषधाचा भाव कंपनीने किलोला २४,७३५ रुपये ६८ पैसे असा लावलेला होता. १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली सरकारने खर्चाचा हिशेब तपासून तोच भाव १,८१० रुपये ठरवला. हा भाव परवडत नाही, तो वाढवून मिळावा, असा अर्ज करण्यात आला. अर्जात मागितलेला भाव किती होता? ३,५०० रुपये. म्हणजे २४ हजारांच्या वर भाव लावणाऱ्याने ३,५०० रुपयांत आपले भागते हे स्वतःच्या लेखणीने लिहून दिले! या मागणीचा उघड अर्थ काय होतो याचेही भान कंपनीला राहिले नाही, असे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालपत्रात सूचित केले. त्या निकालपत्राचा आरंभच मुळी नफेखोरीच्या निषेधाने होतो. आणि जीवनावश्यक अन्न व जीवरक्षक औषधे यांतील नफेखोरीला त्यांनी ‘राक्षसी’ या अर्थाचा शब्द वापरला आहे.

कच्च्या औषधाचा भाव असा फुगवण्याने लाभ काय, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. बारालगनच्या एका गोळीत हे द्रव्य जेमतेम ५ मिलिग्रॅम असे. एका किलोतून दोन लाख गोळ्या होतात. जुन्या भावाने एका गोळीत त्याचा खर्च १२ पैसे पडे. सरकारी भावाने एक पैसाही पडत नव्हता. ११ पैशांचा फरक हा ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु गोळीचा विक्रीभाव ठरतो तो या खर्चावर नफ्याची टक्केवारी चढवून. पायाच फुगलेला असला की त्यावरचा प्रत्येक मजला फुगतो आणि अशा गोळ्या कोट्यवधींनी विकल्या जातात. शिवाय कच्चे औषध बनवणारीही तीच कंपनी आणि गोळी बनवणारीही तीच. स्वतःच स्वतःला विकायचे आणि वाटेल तो आकडा कागदावर लिहायचा! वस्तूची किंमत आणि वस्तूची कागदावरची किंमत या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे सूत्र आपण ध्यानात ठेवावे. कारण पुढे अमेरिकेतही तेच भेटणार आहे.

हा कायदा आला कोठून? चीनने आक्रमण केले त्या वर्षी, १९६२ साली, औषधांच्या किमती जाहीर करण्याची सक्ती झाली आणि पुढच्या वर्षी त्या गोठवण्यात आल्या. दोन्ही गोष्टी भारत संरक्षण कायद्याखाली. पुढे हे नियंत्रण जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आले. १९७५ च्या हाथी समितीने बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे असे सुचवले होते. ते काही झाले नाही. १९७९ च्या आदेशाने मात्र ३४७ कच्च्या औषधांच्या किमती बांधल्या आणि एक नवे खाते उघडले: औषध किंमत समकरण खाते. ठरल्यापेक्षा जास्त आकारलेली रक्कम कंपनीने या खात्यात भरावी, अशी ती योजना. कागदावर ती निर्दोष होती.

पुढे काय घडले ते विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण या विषयाचे सारे मर्म तेथे आहे. सरकार किंमत ठरवते. कंपनी न्यायालयात जाते आणि स्थगिती मिळवते. न्यायालय म्हणते, खटला हरलात तर फरकाची रक्कम भरीन असे हमीपत्र द्या. कंपनी हमीपत्र देते आणि जुन्याच भावाने विक्री चालू ठेवते. खटला वर्षानुवर्षे चालतो. त्या काळात रुग्णाच्या खिशातून निघालेला पैसा कंपनीच्या हाती खेळतो. त्यातून नवी यंत्रे येतात, नवी औषधे येतात आणि वकिलांचे शुल्कही त्यातूनच जाते. शेवटी कंपनी हरली तरी तिने जे भरायचे ते आठ-दहा वर्षांपूर्वीच्या रुपयाच्या हिशेबाने. बँकेकडून एवढ्या सुलभ अटींवर कर्ज कोण देईल? या व्यवहारात सावकार होता तो पोटदुखीने वाकलेला रुग्ण, आणि आपण कर्ज दिले आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हते.

१९८७ च्या निकालाने किंमत ठरवणे हे विधिमंडळाच्या स्वरूपाचे काम आहे, ते न्यायालयाने पुन्हा करावयाचे नाही, असे स्पष्ट केले. तत्त्वाची लढाई सरकारने जिंकली. वसुलीची लढाई त्यानंतर सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात विकल्या गेलेल्या औषधांच्या मागण्या पुढील शतकातही न्यायालयांच्या फायलींत होत्या. ज्यांच्या नावे त्या काढल्या त्यांतील कंपन्यांची नावे बदलली, मालक बदलले, कारखाने विकले गेले. ज्या रुग्णांनी पैसे दिले त्यांतील कित्येक हयात नसतील.

येथपर्यंतची कथा सांगणे सोपे आहे. कंपनी जर्मन, रुग्ण भारतीय. संताप येणे स्वाभाविक आणि टाळ्या पडणेही स्वाभाविक. कथेचा पुढचा भाग अवघड आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील पेटंट रद्द होऊन केवळ निर्मितीच्या पद्धतीचे पेटंट उरले आणि देशी औषध उद्योगाला पंख फुटले. आपल्या उपनगरांतच पाहा. विक्रोळी, कांदिवली, अंधेरी, गोरेगाव, सांताक्रूझ: देशातील आघाडीच्या किती कंपन्यांचे कारखाने, प्रयोगशाळा वा मुख्यालये येथे उभी राहिली! फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. पाश्चात्त्य कंपन्यांचा त्याच उपचाराचा भाव तेव्हा वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतील लक्षावधी माणसे जगली त्याला हा एक देशी निर्णय मोठ्या प्रमाणात कारण ठरला. स्वदेशी म्हणजे काय, हे शब्दांनी पटत नसेल त्याला हे एक उदाहरण पुरे.

आणि हीच सिप्ला औषध किंमत नियंत्रणाच्या सर्वांत प्रदीर्घ खटल्यांतील प्रमुख पक्षकार आहे.

१९९५ च्या आदेशाने नियंत्रणाखालील औषधांची संख्या ७४ च्या आसपास आणली. कोणते औषध नियंत्रणात राहील याचा निकष उलाढालीचा होता: वर्षाला ४ कोटी रुपयांची विक्री असेल आणि बाजारात पुरेशी स्पर्धा नसेल तर नियंत्रण. दम्याचे साल्ब्युटामॉल, थिओफायलीन; जंतुसंसर्गावरचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन अशी रोजच्या वापरातील औषधे त्यात आली. सिप्लाने व अन्य कंपन्यांनी आव्हान दिले की सरकारने वापरलेली उलाढालीची आकडेवारीच सदोष आहे. ही औषधे निकषात बसतच नाहीत. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. १ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा विचारार्थ परत पाठवले आणि मधल्या काळात मागणीच्या निम्मी रक्कम भरावी असे सांगितले. तेरा वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला निम्म्या रकमेचा आदेश पुन्हा द्यावा लागला; तेव्हा सिप्लाने १७५ कोटी ८ लाख रुपये, निषेध नोंदवून, राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाकडे भरले. या एका कंपनीवरील एकूण मागणी १,७०० कोटी रुपयांहून अधिक असल्याचे तिच्याच वार्षिक अहवालांत छापले गेले आहे.

कंपनीने ही मागणी कधीही मान्य केलेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. खटला लढवणे हा तिचा अधिकार आहे आणि आकडेवारीविषयीचा तिचा आक्षेप एका उच्च न्यायालयाला पटलाही होता. प्रश्न निराळा आहे. मुलुंडची कंपनी जर्मन होती तेव्हा तिच्या स्थगितीला आपण शोषण म्हटले. विक्रोळीची कंपनी देशी आहे म्हणून तिच्या स्थगितीला आपण परवाना-राज्याविरुद्धचा लढा म्हणणार काय? साल्ब्युटामॉल घेणाऱ्या दमेकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही स्थगितींत काय भेद आहे? दीनदयाळ उपाध्यायांच्या अर्थविचारात मोजमापाचे एकक शेवटचा माणूस हे आहे. कारखानदाराचे गोत्र हे नाही. स्वदेशीचा कैवार घेणाऱ्यांनी हा प्रश्न परदेशी कंपनीपेक्षा स्वदेशी कंपनीला अधिक मोकळेपणाने विचारला पाहिजे, कारण तो विचारण्याचा अधिकार आपलेपणातून येतो.

२९ ऑगस्ट १९९७ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचा आजवरचा ताळेबंद एका वाक्यात सांगता येतो: मागण्या हजारो कोटींच्या, वसुली त्यांच्या छोट्या अंशाची, आणि उरलेल्यातील बहुतेक रक्कम न्यायालयांत अडकलेली. कायद्यात वसुलीचे हत्यार नाही असे मुळीच नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. म्हणजे उपनगरातील कंपनी असेल तर कागद वांद्र्याला, जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात यावयाचा. शेतसाऱ्यासाठी शेतकऱ्याच्या दारात जप्ती नेणारे हे जुने हत्यार काचेच्या मनोऱ्यापुढे मात्र बोथट होते.

आता थोडे समुद्रापलीकडे पाहू. तेथील कथेचे एक टोक पुन्हा आपल्या उपनगरांतच येऊन पोहोचते.

अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड अशा दोन सरकारी आरोग्ययोजना आहेत. औषध देणाऱ्या डॉक्टरला वा दुकानदाराला सरकार पैसे देते. किती? अनेक वर्षे हा आकडा ‘सरासरी घाऊक किंमत’ नावाच्या छापील दरावरून ठरे आणि तो दर कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून छापला जाई. प्रत्यक्षात दुकानदाराला औषध त्याच्या कितीतरी कमी भावात मिळे. मधला फरक दुकानदाराचा वा डॉक्टरचा. कंपनीच्या विक्रेत्याने डॉक्टरपुढे जाऊन सांगावयाचे की आमचे औषध निवडलेत तर हा फरक तुम्हाला इतका पडेल! म्हणजे जितका छापील दर फुगलेला तितका खप जास्त. मुलुंडच्या बारालगन कीटोनचेच हे अमेरिकी भावंड.

हे उघडकीस आणले कोणी? फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे गाव आहे. तेथील व्हेन-ए-केअर या छोट्या औषधालयाच्या मालकांच्या ध्यानात आले की सरकार आपल्याला औषधाच्या खऱ्या भावाच्या अनेक पट पैसे देत आहे. गप्प बसले असते तर ते श्रीमंत झाले असते. (दोन्ही मार्गांनी श्रीमंत झालेच, पण तो भाग निराळा.) त्यांनी १९९५ पासून कंपन्यांविरुद्ध सरकारच्या वतीने दावे दाखल केले. हा अधिकार त्यांना १८६३ च्या कायद्याने दिला होता. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना पकडण्यासाठी लिंकनच्या काळात झालेला हा कायदा. सरकारला फसवणाऱ्याकडून हानीच्या तिप्पट रक्कम वसूल होते आणि माहिती देणाऱ्याला वसुलीचा १५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. परिणाम असा की २००१ मध्ये टॅप या कंपनीने कर्करोगावरील ल्युप्रॉन औषधाच्या प्रकरणात ८७ कोटी ५० लाख डॉलर भरले. २०१० मध्ये अ‍ॅबट, रॉक्सेन आणि बी. ब्राउन या तीन कंपन्यांनी मिळून ४२ कोटी १० लाख डॉलर भरले. डझनावारी राज्यांनी आपापले दावे लावले.

तेथे सर्व काही सरळ झाले, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. अलाबामा राज्याने अ‍ॅस्ट्राझेनेकाविरुद्ध २००८ मध्ये ज्युरीपुढे मोठा विजय मिळवला. पण पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. छापील दर खरा नसतो हे राज्याला आधीपासून ठाऊक होते, मग फसवणूक कसली, असा त्यामागचा तर्क. सरकारी खात्याने डोळे मिटून घेतले की चोर सुटतो, हे तेथेही खरे ठरले.

आता अंधेरीकडे येऊ. प्राव्हास्टॅटिन हे रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे पेटंटमुक्त औषध. अमेरिकेत स्वस्त जेनेरिक औषधांचा मोठा भाग भारतीय कंपन्या पुरवतात आणि याबद्दल आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु काही कंपन्यांनी आपसांत संगनमत करून या स्वस्त औषधांचेच भाव वाढवले, असा आरोप ठेवून डिसेंबर २०१६ मध्ये कनेक्टिकटच्या पुढाकाराने २० राज्ये न्यायालयात गेली. पुढे जवळपास सर्व राज्ये सामील झाली. अंधेरी पूर्वेला चकाला येथे मुख्यालय असलेल्या ग्लेनमार्कच्या अमेरिकी कंपनीवर २०२० मध्ये प्राव्हास्टॅटिनप्रकरणी फौजदारी आरोपपत्र आले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने ३ कोटी डॉलर दंड आणि प्राव्हास्टॅटिनचा व्यवसाय सोडून देण्याची अट मान्य करून खटल्याला स्थगितीचा करार केला. २०२५ मध्ये, सरकारी आरोग्ययोजनांना या वाढीव भावाने भुर्दंड पडला या दिवाणी आरोपाची तडजोड तिने आणखी अडीच कोटी डॉलरला केली. गोरेगावला मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या ताब्यातील टारो कंपनीने २०२० मध्ये २० कोटी ५० लाखांहून अधिक आणि पुढच्या वर्षी दिवाणी तडजोडीत २१ कोटी ३२ लाख डॉलर मोजले. दिवाणी तडजोड म्हणजे आरोप सिद्ध झाला असे नव्हे, हे ध्यानात ठेवूनही कालगणना पाहा. २०१३ ते २०१५ च्या सुमारास घडलेल्या कृत्यांच्या तडजोडी २०२५ पर्यंत झाल्या. दहा-बारा वर्षे हा काही विजेचा वेग नव्हे. पण १९९५ च्या आदेशाखालील आपल्या मागण्यांशी ताडून पाहा! पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेने वसलेल्या या उद्योगाकडून फिलाडेल्फियाचे न्यायालय वसुली करू शकते. ती दिल्लीला आणि वांद्र्याला का साधत नाही?

याचे एक उत्तर हानी कोणाची होते यात दडलेले आहे. अमेरिकेत फुगलेले बिल सरकारच्या तिजोरीतून जाते. म्हणून सरकार स्वतःच फिर्यादी असते आणि फिर्यादीला झोंबलेले असते. आपल्याकडे राजावाडी, कूपर, भगवती वा मुलुंडचे अगरवाल रुग्णालय यांसारख्या पालिका रुग्णालयांसाठी खरेदी होते ती निविदा काढून, घाऊक भावाने. तेथे भाव बराच कमी असतो. परंतु देशात कोणत्याही सरकारी रुग्णालयात औषध संपले वा आलेच नाही की रुग्णाच्या हाती चिठ्ठी येते, बाहेरून आणा. फाटकाबाहेरच्या दुकानात तेच द्रव्य छापील किमतीने मिळते आणि निविदेचा भाव व ही छापील किंमत यांतील अंतर कित्येकदा काही पटींचे असते. तेथे तिजोरीला काहीच झोंबत नाही. रिक्षाचालकाला, घरकाम करणाऱ्या बाईला, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मास्तरांना झोंबते. आणि त्यांच्या नावाने कोणताही दावा दाखल होत नाही. जास्त आकारलेली रक्कम वसूल झालीच तर ती शासनाच्या खात्यात जमा होते. रुग्णाला परत मिळत नाही.

२०१३ च्या आदेशाने तर पायाच बदलला. ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्कने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेच्या दबावामुळे सरकारने जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील ३४८ औषधे नियंत्रणात घेतली, ही जमेची बाजू. पण कमाल किंमत ठरवण्यासाठी उत्पादनखर्च पाहणे सोडून दिले. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सर्व नाममुद्रांच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे. बारालगन कीटोनचा प्रकार आज घडला तर तो पकडलाही जाणार नाही, कारण फुगलेला भाव हाच सरासरीचा कच्चा माल झालेला आहे! खर्चाचे हिशेब मागितले की उद्योगाला जाच होतो, हे मान्य. पण ज्याने हिशेब पाहायचेच सोडले त्याला नफेखोरी दिसावी कशी?

उद्योगाची बाजूही येथे सांगितली पाहिजे. भाव फार खाली दाबला की औषध महाग होत नाही, नाहीसे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने आठ औषधांच्या ११ प्रकारांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या, कारण कच्चा माल महागून ती बनवणे परवडत नाही अशी उत्पादकांची तक्रार होती. त्या आठांत साल्ब्युटामॉल होते. ज्या औषधाच्या जादा आकारणीचा खटला वर्षानुवर्षे चालला, त्याचाच भाव अपुरा आहे असे सरकारने मान्य केले. यात कुणाला विसंगती वाटेल. परंतु किंमत ठरवणाऱ्याला दरवर्षी खर्च मोजावा लागतो, एकदा ठरवून झोपता येत नाही, हाच त्याचा अर्थ आहे.

मग करावे काय? स्थगिती हवी असेल तर मागणीची संपूर्ण रक्कम आधी न्यायालयात भरा, हा नियम अपवादाविना लागू झाला तर अर्धे खटले दाखलच होणार नाहीत. किंमतविषयक दाव्यांसाठी निराळा न्यायाधिकरण आणि निकालाची मुदत असावी. वसूल झालेला पैसा सामान्य तिजोरीत विरघळू न देता पालिका आणि जिल्हा रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी बांधून द्यावा. म्हणजे ‘बाहेरून आणा’च्या चिठ्ठ्या तेवढ्या कमी होतील. आणि कंपनीच्या आतून माहिती देणाऱ्याला संरक्षण व वाटा देणारा कायदा आपल्याकडेही व्हावा. जनऔषधी केंद्रांची संख्या २०२५ मध्ये १५ हजारांवर गेली, हे उत्तमच झाले. परंतु स्वस्त दुकान उघडणे आणि लुबाडणाऱ्याकडून वसूल करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले झाले म्हणून दुसरे माफ होत नाही.

तोवर नागरिकाच्या हाती काय आहे, तेही जाता जाता सांगितले पाहिजे. प्रत्येक औषध दुकानदाराने कंपन्यांची दरपत्रके ग्राहकाला पाहता येतील अशी ठेवावीत, असा आदेशच आहे. ती मागून पाहावीत. नियंत्रित औषधाची कमाल किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या सोयीवर भ्रमणध्वनीवरून ताडून पाहता येते. छापील किंमत कमाल किमतीहून जास्त आढळली तर बिल घ्यावे, गोळ्यांच्या पट्टीवरील बॅच क्रमांक आणि किंमत दिसेल असे छायाचित्र काढावे आणि प्राधिकरणाकडे तक्रार नोंदवावी. पट्टी कापून देताना बॅच क्रमांकाचा भाग दुकानातच राहतो, तेव्हा तो आधीच पाहून घ्यावा. या तक्रारीतून तक्रारदाराला स्वतःला एक रुपयाही परत मिळणार नाही, हे वर आलेच आहे. कंपनीवर मागणी निघाली तर ती त्या बॅचच्या सगळ्या विक्रीवर निघेल.